आरशांची रुजुवात : एक प्रस्तावना

दुर्बीण विकत घेणाराचा, किंवा महिनोन् महिने काच घासून ती स्वहस्ते सिद्ध करणाराचा, उत्साह पहिल्या हिवाळ्यात जेवढा असतो तेवढा दुसऱ्या हिवाळ्यात सहसा टिकत नाही. आणि त्याचे कारण विचारले असता शहरातला वाढता उजेड, संसाराचे व्याप, गावाबाहेर जाण्याची अडचण अशा ज्या सबबी पुढे केल्या जातात त्या खोट्या नसल्या तरी पुऱ्या खऱ्याही नसतात. पहिल्या वर्षी शनीचे कडे कोरल्यासारखे दिसले होते, गुरूच्या बिंबावरील पट्टे वेगळे काढता येत होते, मृगातील तेजोमेघाच्या पोटातले चार तारे सुटे सुटे ओळखू येत होते. मध्ये पावसाळा गेला, नळी चार वेळा जिन्यावरून खाली-वर झाली, मोटारीच्या डिकीतून आकाशदर्शनासाठी वांगणी गावापर्यंत धक्के खात जाऊन आली, आणि आता त्याच शनीच्या एका अंगाला पिसारा फुटलेला दिसतो व तारा बिंदुवत् न राहता शेपटीसारखा लांबतो. मालक आधी हवेला दोष देतो, मग नेत्रिकेला, मग आरसा करणाराला किंवा विकणाराला, आणि शेवटी दुर्बीण माळ्यावर चढते. वस्तुतः आरसा होता तसाच असतो. बिघडलेला असतो तो दोन आरशांचा परस्परांशी असलेला संबंध. आणि तो पूर्ववत् करावयास अर्ध्या तासाची सवड आणि एखादा पाना एवढे भांडवल पुरले असते.

प्रस्तुत पुस्तिका या अर्ध्या तासाविषयी आहे. आकाशदर्शनाच्या पुस्तकांची मराठीत वाण नाही. नक्षत्रे ओळखावी कशी, ग्रहणे का लागतात, धूमकेतू कोठून येतात, यांवर सुबोध लेखन आपल्याकडे पुष्कळ झाले आहे व होत आहे. परंतु ज्या यंत्रातून हे सारे पाहावयाचे ते यंत्र ताळ्यावर कसे ठेवावे, याविषयी जे काही ज्ञान आहे ते मंडळामंडळांतून तोंडी फिरते, आणि तोंडी ज्ञानाला जडणारी व्याधी म्हणजे पाठभेद. ती त्यालाही जडलेली आहे. एक जण सांगतो आरसा कधीही धुऊ नये, दुसरा सांगतो दर महिन्याला धुवावा. एक जण अक्षजुळणीला, म्हणजे हौशी मंडळी ज्याला कोलिमेशन म्हणतात त्या क्रियेला, गूढविद्येच्या पंक्तीला बसवतो, तर दुसरा ती कारखान्यातच झाली असे मानून तिच्या वाटेला जात नाही. पुस्तिकेच्या लेखकाने या सर्व पाठांची रुजुवात घेऊन एक शुद्ध प्रत तयार केली आहे, हे मी तिचे पहिले श्रेय मानतो.

आरसा घडविण्यापेक्षा तो राखणे अधिक जिकिरीचे, ही गोष्ट परावर्ती दुर्बिणीच्या जन्मापासून चालत आलेली आहे. न्यूटनने 1668 मध्ये आपली पहिली परावर्ती दुर्बीण केली तेव्हा तिचा आरसा तांबे व कथील यांच्या मिश्रधातूचा होता; असा धातू मुळात प्रकाश कमी परत करतो आणि हवेने काळवंडला की तेवढाही करीत नाही. त्याला पुन्हा झिलई द्यावी तर घासताना त्याच्या पृष्ठाचा नेमका आकार बिघडण्याची धास्ती, आणि न द्यावी तर अंधार! विल्यम हर्शेल याने 13 मार्च 1781 रोजी बाथ येथील आपल्या घराच्या बागेतून युरेनसचा शोध लावला तो सहा इंचांहून किंचित मोठ्या अशाच धातूच्या आरशाने. आणि पुढे 1789 मध्ये त्याची चाळीस फुटी प्रचंड दुर्बीण उभी राहिली तेव्हा तिच्यासाठी त्याने एक नव्हे तर दोन आरसे ओतविले होते. आयर्लंडात लॉर्ड रॉस याने 1845 मध्ये बहात्तर इंची दुर्बीण उभारली, तिच्याही पदरी दोन आरसे तैनात होते. एक कामावर, तर दुसरा झिलईसाठी रजेवर. या जाचातून सुटका झाली ती पॅरिसमध्ये. फूको याने 1857 च्या सुमारास काचेच्या आरशावर रसायनाने चांदीचा पातळ थर चढविण्याची रीत दुर्बिणीला लावून दाखविली, तेव्हा चांदी काळी पडली तरी ती विरघळवून टाकून नवी चढविता येऊ लागली आणि खालच्या काचेच्या आकाराला धक्का लागेनासा झाला. 1932 मध्ये जॉन स्ट्राँग याने अमेरिकेत निर्वात पेटीत ॲल्युमिनियमची वाफ करून तिचा थर दुर्बिणीच्या आरशावर बसविला, आणि चांदीच्या मानाने कितीतरी अधिक टिकणारा हा थर आज प्रत्येक हौशी माणसाच्या आरशावर असतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या सुमारे दहाहजाराव्या भागाइतकी भरते. सहा इंची आरशावरचे सारे ॲल्युमिनियम गोळा केले तर त्याचे वजन पाच मिलिग्रॅमच्या आसपास होईल. आपण जपावयाचे ते एवढेच, परंतु आकाशाशी आपला सारा व्यवहार त्याच्या मार्फत चालतो.

महाराष्ट्राला मोठ्या आरशांची ओळख नवी नाही. पुण्यास विज्ञान महाविद्यालयाच्या आवारात कावसजी दादाभाई नायगामवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून 1888 मध्ये वेधशाळा उभारली आणि तिच्यात डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्याची वीस इंची परावर्ती दुर्बीण बसविली; 1912 मध्ये वेधशाळा बंद होऊन ती सामग्री कोडाईकनालला रवाना झाली, आणि पुणेकरांच्या स्मरणातून हा मामला जवळजवळ पुसला गेला. हौशी मंडळींचा इतिहास त्यानंतरचा. ज्योतिर्विद्या परिसंस्था पुण्यात 1944 मध्ये स्थापन झाली, मुंबई-ठाणे-कल्याणकडची मंडळे पुढे निघाली, आणि आयुका या पुण्यातील खगोलसंस्थेने घेतलेल्या आरसे घासण्याच्या कार्यशाळांतून शाळकरी मुलांपासून निवृत्त अभियंत्यांपर्यंत कितीतरी जण हात काळे-पांढरे करून गेले. या चळवळीचे मूळ शोधू गेले तर ते अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात स्प्रिंगफील्ड गावी रसेल पोर्टर याने 1920 मध्ये कारखान्यातील कामगारांना आरसे घासावयास शिकविले तेथे जाऊन पोहोचते. आणि तिला रस्त्यावर आणणारा जॉन डॉब्सन हा तर रामकृष्ण संप्रदायाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील मठातला संन्यासी होता, हे आपल्या वाचकांना सांगण्याजोगे आहे. लाकडी खोक्यावर फिरणारी जी सुटसुटीत, स्वस्त आणि मोठ्या तोंडाची दुर्बीण आज त्याच्या नावाने ओळखली जाते ती जागच्या जागी राहण्यासाठी नाहीच. ती उचलून न्यावयाची, आणि जी वस्तू उचलून न्यावयाची तिचे आरसे दर मुक्कामी थोडे तरी हलणारच.

या साऱ्या परंपरेत घासण्याला मान मिळाला, जुळविण्याला मिळाला नाही, अशी माझी तक्रार आहे. चाकूच्या धारेने प्रकाश अडवून आरशाच्या आकाराची परीक्षा घेणारा माणूस मंडळात तज्ज्ञ म्हणून मिरवतो. त्याच्याच दुर्बिणीचा दुय्यम आरसा केंद्रापासून ढळलेला असला तरी कोणी त्याला जाब विचारीत नाही. आणि याचे परिणाम पूर्वीपेक्षा आज अधिक जाणवतात. जुनी सहा इंची दुर्बीण बहुधा व्यासाच्या आठपट नाभीय अंतराची, म्हणजे चार फूट लांबीची असे. ती अवजड होती, पण क्षमाशील होती. आजची आखूड दुर्बीण व्यासाच्या पाचपट, चौपट अंतरावरच प्रतिमा करते. मुख्य आरसा अन्वस्ताच्या आकाराचा असतो, आणि गोलाला हवे तितके अक्ष मानता येत असले तरी अन्वस्ताला अक्ष एकच. त्या अक्षावर ताऱ्याचा प्रकाश बिंदूत मिळतो, अक्षापासून दूर गेले की त्याला कोमा दोषाची शेपटी फुटते. ही शेपटी विवर्तनाच्या मर्यादेत दडून राहते असे निर्दोष वर्तुळ आठपटीच्या दुर्बिणीत सुमारे 11 मिलिमीटर व्यासाचे असते, पाचपटीच्या दुर्बिणीत ते 3 मिलिमीटरच्या आत येते आणि चौपटीच्या दुर्बिणीत जेमतेम दीड मिलिमीटर उरते, कारण त्याचा व्यास या गुणोत्तराच्या घनाच्या प्रमाणात घटतो. आता मुख्य आरसा अंशाच्या एखाद्या लहान भागाने जरी कलला तरी हे इवलेसे वर्तुळ नेत्रिकेच्या मध्यावरून बाजूला सरकते, आणि निरीक्षक ग्रहाला दृष्टिक्षेत्राच्या बरोबर मध्ये आणून, डोळे ताणताणून, नेमका वाईट भाग पाहत बसतो!

जुळणीची रीत लेखकाने सविस्तर दिली आहे. तिच्यातला एकच प्रसंग मी येथे उचलतो, कारण नवशिक्याचा धीर तेथेच सुटतो. नेत्रिका काढून तिच्या जागी, मध्यभागी बारीक छिद्र पाडलेली, जुन्या छायाचित्रणाच्या फिल्मची प्लॅस्टिकची डबी बसवावी (सव्वा इंची नळीत ती इतकी चपखल बसते की जणू याचसाठी घडविली होती) आणि छिद्राला डोळा लावावा. प्रथम दिसते ती दुय्यम आरशाची कड. हा आरसा मुळात लंबवर्तुळाकार. पण पंचेचाळीस अंशांनी तिरपा असल्यामुळे तो वर्तुळ दिसला पाहिजे, आणि ते वर्तुळ नेत्रिकेच्या नळीच्या तोंडाशी समकेंद्री असले पाहिजे. त्याच्या आत मुख्य आरशाचे प्रतिबिंब, कडेच्या तिन्ही पकडींसह. एखादी पकड दिसत नसेल तर दुय्यम आरसा त्या बाजूला कमी पडतो आहे असे समजून त्याचे बारीक स्क्रू फिरवावे. मुख्य आरशाच्या मधोमध, फायलीतल्या कागदाच्या भोकाला चिकटवतात तसले कागदी कडे आधीच लावलेले असावे. कित्येकांना आरशावर काही चिकटविणे महापातक वाटते, परंतु तो भाग दुय्यम आरशाच्या सावलीतच असतो, तेथून ताऱ्याचा प्रकाश कधी घ्यावयाचाच नसतो. या कड्याच्या मध्यावर डबीचे छिद्र, म्हणजे आपल्याच डोळ्याचा काळा ठिपका, येऊन बसेपर्यंत मुख्य आरशामागचे तीन स्क्रू पाळीपाळीने फिरवावयाचे. नळी लांब असली तर डोळा येथे आणि हात तेथे पोहोचत नाही. तेव्हा घरातल्या कोणाला तरी मागे बसवून ‘थोडा डावा, पुरे, आता खालचा’ असे हुकूम सोडावे लागतात, आणि या कामी मुले मोठ्या माणसांहून विश्वासू ठरतात.

इतके झाल्यावर एक गोष्ट नवशिक्याला छळते. आखूड दुर्बिणीत दुय्यम आरशाची काळी सावली या सर्व वर्तुळांत मधोमध न दिसता मुख्य आरशाच्या अंगाला जराशी सरकलेली दिसते. ती तशीच दिसावयास हवी. प्रकाशाचा शंकू आरशाच्या जवळच्या कडेला अधिक रुंद असतो, त्याची ती खूण आहे. परंतु सारी वर्तुळे एकात एक नीट बसविण्याच्या हट्टाने माणूस तिला मध्यावर ओढू जातो आणि झालेली जुळणी मोडतो. लेखकाने या ठिकाणी आकृती मोठी छापवून घेतली आहे, ते फार बरे केले. नळी आडवी ठेवूनच दुय्यम आरशाचे स्क्रू फिरवावे, ही सूचना मात्र आकृतीखालच्या बारीक टाइपात गेली आहे; ती ठळक हवी होती, कारण उभ्या नळीत हातून निसटलेला पाना थेट मुख्य आरशावर जाऊन पडतो.

दिवसाच्या या जुळणीवर शेवटची मोहर ताऱ्याची लागते. मध्यम तेजाचा तारा मोठ्या वर्धनाने दृष्टिक्षेत्राच्या मध्यावर आणून नेत्रिका नाभीपासून किंचित, अगदी किंचित सरकवली की ताऱ्याभोवती विवर्तनाची कडी उमटतात. ती समकेंद्री असली तर जुळणी मंजूर, एका बाजूला दाटली असली तर नामंजूर. पाश्चात्य पुस्तके यासाठी ध्रुवतारा सुचवितात, कारण तो जागचा हलत नाही. आपल्याकडे ही सूचना जशीच्या तशी स्वीकारण्यात अर्थ नाही. पुण्याहून ध्रुव क्षितिजावर साडेअठरा अंश उंच, मुंबईहून एकोणीस. तेवढ्या उंचीवर हवेचा जाड थर मध्ये येतो आणि कडी पाण्याखाली ठेवल्यासारखी थरथरतात. तेव्हा माथ्याजवळचा तारा घ्यावा आणि तो तीनशे पट वर्धनात पाऊण मिनिटाच्या आत दृष्टिक्षेत्र ओलांडून जातो हा त्रास सोसावा. शिवाय नळी घरातून बाहेर काढल्याबरोबर ही परीक्षा घेऊ नये. जाड काच निवायला वेळ घेते, तिच्यावरची ऊन हवा तोवर उसळत असते, आणि त्या अवस्थेत दिलेला निकाल अपिलात टिकत नाही. तारा त्रिकोणी दिसला तर स्क्रूंना हात न लावता आरशाच्या पकडी पाहाव्या. त्या आवळलेल्या निघतील. पकड आणि काच यांमध्ये कागदाचा कपटा सहज सरकला पाहिजे.

हल्ली लेसरची नळकांडी बाजारात स्वस्तात मिळतात, आणि लाल ठिपका कड्यात पडला की काम फत्ते असे मानण्याची प्रथा पडत चालली आहे. सोय म्हणून ती मला मान्य आहे. पण या नळकांड्यातला लेसरच वाकडा बसविलेला असेल तर तो सबंध दुर्बीण आपल्यासारखी वाकडी करून ठेवतो. ते आपल्या नळीत गोल फिरवून पाहावे. ठिपका जागेवर राहिला तर ठीक, वर्तुळ काढू लागला तर आधी त्या नळकांड्याचीच तपासणी करावी. परीक्षकाची परीक्षा घेण्याची ही गोष्ट क्षुल्लक समजू नये. 1990 मध्ये अवकाशात गेलेल्या हबल दुर्बिणीचा 2.4 मीटरचा आरसा अप्रतिम गुळगुळीत होता, पण चुकीच्या आकाराचा होता. कारण तो ज्या उपकरणाने तपासला त्यातले एक भिंग 1.3 मिलिमीटरने जागा सोडून बसले होते. दुसऱ्या, साध्या उपकरणांनी दोष दाखविला होता. ती उपकरणे कमी दर्जाची म्हणून त्यांची साक्ष ग्राह्य धरली गेली नाही, आणि डिसेंबर 1993 मध्ये अंतराळवीरांनी वर जाऊन दुरुस्ती करीपर्यंत त्या हयगयीची किंमत मोजावी लागली. फिल्मच्या डबीचा मी एवढा कैवार का घेतो, ते यावरून ध्यानात यावे.

देखभालीच्या प्रकरणात लेखकाने आपल्या हवामानाचा विचार केला आहे, हे या पुस्तिकेचे खरे स्वत्व होय. थंड देशांतील ग्रंथकारांना दवाची चिंता, आपल्याला बुरशीची. जून ते सप्टेंबर दुर्बीण तशीही बाहेर निघत नाही, आणि याच चार महिन्यांत कोकणपट्टीत व मुंबईत भिंगांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू पसरतात, तर आरशाच्या कडेला समुद्राच्या खाऱ्या हवेने थर झडू लागतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत आरसा घट्ट बांधून ठेवणे म्हणजे ओलाव्याला आत कोंडणे. त्यापेक्षा दुर्बीण हवेशीर जागी, झाकण लावून, नळीचे तोंड किंचित खाली करून ठेवावी, नेत्रिका सिलिका जेलसह डब्यात ठेवाव्या आणि ते जेल वरचेवर तापवून कोरडे करीत जावे. भिंगाच्या दुर्बिणीच्या मालकाला सांगावयाचे एवढेच की वस्तुभिंगाची जोडी सुटी करू नये. ज्यांच्याकडे श्मिट-कासेग्रेन पद्धतीची दुर्बीण आहे त्यांना बहुधा पुढच्या तीन स्क्रूंपुरतेच काम पडते.

आरसा धुण्याच्या बाबतीत मात्र लेखकाशी माझा मतभेद आहे. दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास आरसा काढून धुवावा असा त्याने जाबता घालून दिला आहे. मला हा अतिरेक वाटतो. रात्री विजेरीच्या झोतात कोणताही आरसा भयंकर दिसतो, आणि त्या दर्शनाने घाबरून हात लावणाऱ्यांनी जितके आरसे खराब केले तितके धुळीने केले नसतील. धुळीने प्रकाशाचा अल्प अंश जातो; पुसताना पडलेला ओरखडा थर नवा चढवीपर्यंत जात नाही. पण धुण्याची जी रीत त्याने दिली आहे ती बिनचूक आहे. बोटांतल्या अंगठ्या काढाव्या. कोमट पाण्यात साबणाचे दोन-चार थेंब टाकून आरसा त्यात बुडू द्यावा, माती आपोआप सुटू द्यावी. मग कापसाचा ओला बोळा केवळ आपल्या वजनाने, एकाच दिशेने आरशावरून ओढावा आणि एकदा ओढलेला बोळा टाकून द्यावा. शेवटी ऊर्ध्वपातित पाण्याने निथळून आरसा कडेवर उभा करावा, आणि जे दोन-तीन थेंब चिकटून राहतील ते मऊ कागदाच्या कोपऱ्याने टिपावे. कोठेही चोळणे नाही, घाई नाही. हे करून झाल्यावर अक्षजुळणी पहिल्यापासून करावी लागते, हे सांगणे नकोच.

शोधक दुर्बीण जुळविणे, स्प्रिंगा सैल पडल्यास बदलणे, थर नवा चढवावयाची वेळ ओळखणे, इत्यादी बारीकसारीक बाबी पुस्तिकेत यथास्थित आल्या आहेत. त्यांची येथे पुनरुक्ती करीत नाही. शेवटची आठ पाने लेखकाने मुद्दाम कोरी, फक्त रकाने आखून सोडली आहेत: तारीख, ठिकाण, ताऱ्याचे नाव, कड्यांचा आकार, कोणता स्क्रू कोणत्या दिशेला किती फिरविला. दोन-तीन महिन्यांच्या नोंदींवरून एकच स्क्रू वारंवार सैल पडतो की नळीच वाकते आहे, याचा उलगडा होतो, आणि दुर्बीण उद्या दुसऱ्याच्या हाती गेली तर तिची कैफियत तिच्याबरोबर जाते. वाचकांना माझी विनंती इतकीच की ही पुस्तिका पुस्तकांच्या कपाटात न ठेवता नेत्रिकांच्या पेटीत, पान्याच्या शेजारी ठेवावी, आणि पहिल्या निरभ्र रात्री रकाने भरावयास घ्यावे.